दोन मीटरचं टेकऑफ आणि चाळीस हजारांचं बजेट

वाचकाचं पत्र, थोडक्यात: कळव्याला राहणारी आणि नवी मुंबईतल्या एका कॉलेजात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक विद्यार्थिनी लिहिते. चौघांच्या ग्रुपने बी.ई. प्रोजेक्टसाठी ‘ब्लोन फ्लॅप’वर (पंखाच्या मागच्या कडेच्या, खाली वळणाऱ्या पट्टीवर जोरात हवा सोडून जास्त लिफ्ट, म्हणजे उचल, मिळवायची पद्धत) उडणाऱ्या, अगदी आखूड धावपट्टी लागणाऱ्या हायब्रीड-इलेक्ट्रिक (बॅटरी आणि इंजिन दोन्हींवर चालणाऱ्या) विमानाचं मॉडेल करायचं ठरवलं आहे. सिनॉप्सिसमध्ये (प्रोजेक्टच्या आराखड्यात) तीन गोष्टी लिहिल्या आहेत: दोन मीटरमध्ये टेकऑफ, विमानातच पेट्रोल इंजिनवर चालणारा जनरेटर, आणि पुढेमागे ठाण्याच्या खाडीकाठच्या ५० मीटरच्या पट्टीवरून अलिबागपर्यंत प्रवासी सेवा. घरून प्रत्येकी दहा हजार मिळून चाळीस हजार जमलेत. गाईड सर म्हणतात, ‘हायब्रीड’ शब्द काढला तर नावीन्य उरत नाही. ग्रुपमधला एक मित्र म्हणतो, क्वाडकॉप्टर करू, ते नक्की उडतं. वडील म्हणतात, जे पूर्ण होईल ते कर. तिचा प्रश्न: विषय सोडावा की धरून ठेवावा?

प्रिय मैत्रिणी,

विषय सोडू नकोस, सिनॉप्सिस मात्र बदल. तुझ्या पत्रात तीन वेगवेगळे प्रोजेक्ट एकमेकांत गुंतले आहेत. त्यातला एक तुमच्या आवाक्यात आहे, दुसरा टेबलावर होऊ शकतो आणि तिसरा प्रोजेक्ट नसून प्रस्तावनेतला एक परिच्छेद आहे. कोणता कोणता, ते सांगते.

आधी ‘दोन मीटरमध्ये टेकऑफ’. हे उद्दिष्ट फार अवघड आहे म्हणून बदलायला सांगत नाही. उलट, ते फार सोपं आहे. मॉडेल विमानाच्या पंखावर दर चौरस मीटरला पाच-सहा किलो वजन येतं. नऊ-दहा माणसं नेणाऱ्या खऱ्या विमानात हाच आकडा शंभराच्या वर जातो. त्यामुळे साध्या फोमच्या विमानालाही फार तर सहा मीटर धाव लागते, आणि समोरून वारा असला तर हातातून सोडताच ते वर जातं. व्हिडिओ पाहून घरचे टाळ्या वाजवतील. पण व्हायवाला (तोंडी परीक्षेला) आलेले एक्स्टर्नल सर एकच प्रश्न विचारतील: ‘यात ब्लोन फ्लॅपचा वाटा किती?’ टेकऑफचं अंतर मोजून त्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही.

तुम्हाला दाखवायचा आकडा वेगळा आहे. तोच पंख, तोच फ्लॅप आणि तेच वजन ठेवून, प्रोपेलरची हवा फ्लॅपवर सोडली तर लिफ्ट कोएफिशंट (तेवढ्याच वेगाला आणि क्षेत्रफळाला पंख किती उचल देतो, तो आकडा) कितीवरून कितीवर जातो? एवढं नीट मोजलंत की ब्लॅक बुक (प्रोजेक्टचा अहवाल) भरतं, टेकऑफ किती मीटरमध्ये झालं याला महत्त्व उरत नाही. ते मोजलं नसेल तर विमान कितीही छान उडो, हातात फक्त व्हिडिओ राहतो.

आता मुळातली एक गफलत दूर करू, कारण पत्रात तू लिहिलं आहेस की ‘प्रोपेलरची हवा तिप्पट वेगाची असते, म्हणून लिफ्ट नऊपट’. अशा ग्रुपच्या पहिल्या स्प्रेडशीटमध्ये ही चूक हटकून असते. विमानाचा वेग सेकंदाला ५ मीटर असताना तुमच्या मापाच्या प्रोपेलरमागची हवा साधारण १४ ते १५ मीटरने जाते, हे खरं. त्या हवेचा वेगामुळे येणारा दाब (डायनॅमिक प्रेशर) आसपासच्या हवेच्या आठ ते नऊपट असतो, हेही खरं. पण ती हवा म्हणजे पंखाला चिकटून जाणारा एक पातळ पट्टा आहे. पंखाला तिच्याबाहेरची संथ हवाही लागत असते. म्हणून त्या झोताचा, म्हणजे जेटचा, वेग थेट सूत्रात घालून पूर्ण पंखाच्या क्षेत्रफळाने गुणता येत नाही. लिफ्ट दोन वाटांनी वाढते. फ्लॅपच्या पाठीवरून सुटू पाहणारी हवा जेटमुळे चिकटून राहते आणि फ्लॅप ४०-५० अंशांवरही काम करतो. शिवाय खाली वळलेला जेट पंखामागे एखाद्या अदृश्य लांब फ्लॅपसारखा वागतो. साध्या फ्लॅपने तुमच्या मापाच्या पंखाला १.६ ते १.८ लिफ्ट कोएफिशंट मिळत असेल तर ब्लोन फ्लॅपने ४ धरून चला. नऊपट कुठेच नाही. पण अडीचपट मिळाली तरी स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली विमान हवेत टिकत नाही तो) जवळपास दोन तृतीयांशावर येतो, आणि धाव वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्याने ती निम्म्याहूनही कमी होते.

यात काही नवं नाही, आणि हे ब्लॅक बुकच्या पहिल्या प्रकरणात मोकळेपणाने लिहा. ओझरला बनलेल्या मिग-२१ बिसमध्ये इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधली हवा काढून फ्लॅपवर फुंकत असत. आपल्या वायुसेनेच्या सी-१७ मध्ये इंजिनाचा झोतच फ्लॅपवर आदळतो. फ्रान्सचं ब्रेगे ९४१ हे विमान १९६१ मध्ये उडालं. त्यात चार मोठे प्रोपेलर जवळजवळ पूर्ण पंखावर हवा सोडत, आणि एक इंजिन बंद पडलं तर पंख एका बाजूने कोसळू नये म्हणून चारही प्रोपेलर एका शाफ्टने जोडलेले होते. तो शाफ्ट आणि ते गिअरबॉक्स फार जड पडत. इलेक्ट्रिक मोटर्स आल्या आणि हे ओझं गेलं, कारण शाफ्टच्या जागी तार आली. आज हा विषय पुन्हा वर आला आहे त्यामागचं एक मोठं कारण हेच. अमेरिकेतल्या इलेक्ट्रा कंपनीचं ‘गोल्डफिंच’ हे दोन आसनी विमान नोव्हेंबर २०२३ मध्ये हायब्रीड-इलेक्ट्रिक शक्तीवर उडालं. त्याच्या पंखाच्या पुढच्या कडेला आठ प्रोपेलर आहेत, आणि पुढच्या चाचण्यांत त्याने सुमारे ५० मीटरमध्ये टेकऑफ केलं. दुसरीकडे नासाचं एक्स-५७, ज्यात अशाच कामासाठी बारा लहान प्रोपेलर बसवायचे होते, त्याचा कार्यक्रम २०२३ मध्ये विमान न उडताच संपला. दोन्ही उदाहरणं लिहा. फक्त यशस्वी उदाहरण दिलं की परीक्षकाला जाहिरात वाचल्यासारखं वाटतं.

आता गाईड सरांचा ‘हायब्रीड’. सर चुकत नाहीत. या विमानांमध्ये हायब्रीड हा शोभेचा शब्द नाही, कारण टेकऑफला लागणारी शक्ती आणि सरळ उडताना लागणारी शक्ती यांत फार मोठी दरी असते. तुमच्याच मॉडेलचा हिशेब घे. आठ मोटर्स पूर्ण थ्रॉटलवर साधारण ४५० वॅट ओढतील. सेकंदाला १० मीटरने सरळ उडताना ८० वॅट पुरतील. म्हणजे जनरेटर १२० वॅटचा पुरतो आणि वरचे ३३० वॅट पंधरा सेकंद बॅटरीने दिले की झालं. तेवढी ऊर्जा जनरेटर उरलेल्या ४० वॅटने दोनेक मिनिटांत परत भरून काढेल. हायब्रीड म्हणजे एवढंच गणित, आणि ते दाखवायला पेट्रोल लागत नाही.

विमानात इंजिन बसवायचा हट्ट मात्र सोडा. बाजारात सहज मिळणारं २० सीसीच्या आसपासचं इंजिन, सायलेन्सर, जनरेटर म्हणून फिरवायची मोटर, रेक्टिफायर, टाकी आणि रबरी माउंट हे सगळं मिळून दीड किलोच्या खाली येत नाही. तुमचं अख्खं विमान १.९ किलोचं असायला हवं. शिवाय इग्निशनचा विद्युत गोंधळ आणि इंजिनाची थरथर यांनी फ्लाइट कंट्रोलरचे सेन्सर बावचळतात, आणि मग महिनाभर तुम्ही ब्लोन फ्लॅपवर काम करत नसता, थरथर घालवत बसता.

त्याऐवजी टेबलावर हे मांडा. जनरेटरच्या जागी १३ व्होल्टला लावलेला, १० अँपियरला करंट मर्यादा लावता येणारा लॅब सप्लाय घ्या. एलईडी पट्ट्यांसाठीचा स्वस्त एसएमपीएस (पॉवर सप्लाय) चालणार नाही. त्याच्यावर जास्त भार आला की तो करंट धरून ठेवत नाही, बंद-चालू-बंद-चालू करत राहतो. सप्लाय आणि ३एस (तीन सेलची) लिपो बॅटरी दोन्ही एकाच बसबारला (जोडणीच्या तांब्याच्या पट्टीला) जोडायच्या, पण प्रत्येकीच्या पुढे ६० अँपियरचा शॉट्की डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) हीटसिंकसह लावून. डायोड विसरलात तर बॅटरी उतरली की सप्लाय तिच्यात थेट १० अँपियर ढकलेल. २२०० एमएएचच्या बॅटरीच्या नेहमीच्या २.२ अँपियर चार्जिंगच्या हा करंट साडेचारपट आहे, ती फुगेल किंवा पेट घेईल. डायोडमध्ये अर्ध्या व्होल्टच्या आसपास जातो, तो हिशेबात धरा. डायोडमुळे टेबलावर बॅटरी परत भरत नाही, तो भाग कागदावरच मांडा. दोन्ही वाटांवर करंट सेन्सर लावा, थ्रॉटल टेकऑफ-चढण-सरळ उड्डाण अशा क्रमाने बदला, आणि कोणी किती शक्ती दिली याचा आलेख काढा. सरांचं नावीन्य तिथे आहे, आणि दोन शनिवारांत होण्यासारखं आहे.

आता मुख्य काम, म्हणजे पंख. हा भाग सविस्तर लिहिते, कारण असे प्रोजेक्ट फसतात ते इथेच.

पहिले दोन महिने पूर्ण विमान बांधू नका. ३२ सेंटिमीटर रुंदीचा पंखाचा एक तुकडा करा, कॉर्ड (पंखाच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतचं अंतर) २५ सेंटिमीटर. त्यावर दोन मोटर्स, ६ इंची प्रोपेलर, केंद्रांमध्ये १६ सेंटिमीटर अंतर. फ्लॅप कॉर्डच्या ३५ टक्के, म्हणजे जवळपास ९ सेंटिमीटर. पंख आणि फ्लॅप यांच्यातली फट ४ ते ५ मिलिमीटर. ती फट जपा. बिजागरीला टेप मारून ती बंद केली की फ्लॅप ३० अंशांपुढे मेल्यासारखा होतो. मोटरचं माउंट प्लायवूडचं करा आणि त्यात लांबट भोकं ठेवा, म्हणजे प्रोपेलर पुढे-मागे आणि वर-खाली सरकवता येईल. सुरुवात अशी करा: प्रोपेलरचं प्रतल पंखाच्या पुढच्या कडेपासून ६ ते ७ सेंटिमीटर पुढे, आणि अक्ष कॉर्डरेषेच्या दीड ते दोन सेंटिमीटर खाली. तिथून तीन-चार जागा तपासा.

हा तुकडा वजनकाट्यावर उलटा बसवा. सरळ बसवला तर खाली वळलेली हवा टेबलावर आपटून परत येते आणि काट्याचा आकडा निरर्थक होतो. उलटा बसवला की जेट छताकडे जातो आणि लिफ्ट काट्याला खाली दाबते, आकडा थेट वाचता येतो. स्वयंपाकघरातला पाच किलोचा डिजिटल काटा चालेल. लोडसेल (वजनाचा सेन्सर) आणि त्याचा आकडा वाचणारा एचएक्स७११ बोर्ड लावलात तर आर्डुइनोवर (छोट्या कंट्रोलर बोर्डवर) नोंदही होईल. पुढची ओढ (थ्रस्ट) मोजण्यासाठी तोच सांगाडा ड्रॉवरला लावतात त्या बॉल-बेअरिंग चॅनेलवर ठेवा आणि हुकाच्या काट्याने धरा. वाचण्याआधी चॅनेलला बोटाने टिचकी मारा, नाहीतर घर्षणाने दर वेळी वेगळा आकडा येईल. दोन्ही मोजमापं एकाच थ्रॉटलला आणि भाराखालच्या एकाच व्होल्टेजला घ्या. सकाळी भरलेल्या बॅटरीवर लिफ्ट आणि दुपारी उतरलेल्या बॅटरीवर ओढ, असं केलंत तर सगळं पाण्यात.

समजा पंख काढून नुसत्या दोन मोटर्सची ओढ ६०० ग्रॅम आली. पंख आणि ४० अंश फ्लॅप लावल्यावर वर उचलणारं बल ३०० ग्रॅम आणि पुढे ओढणारं ४०० ग्रॅम आलं. मग एकूण बल ५०० ग्रॅम, ते ३७ अंशांनी वळलं आहे, आणि ६०० पैकी ५०० टिकलं, म्हणजे ८३ टक्के. हा चांगला निकाल आहे. फ्लॅप ४० वर आणि वळण २० अंशच आलं तर हवा फ्लॅपवरून सुटली आहे. कुठे सुटली ते पाहायला लोकरीचे पाच सेंटिमीटरचे धागे फ्लॅपच्या पाठीवर टेपने चिकटवा आणि मोबाइलवर स्लो-मोशन घ्या. शांत पडलेले धागे म्हणजे हवा चिकटलेली. उलटे फिरणारे, थयथय नाचणारे धागे म्हणजे सुटलेली. फ्लॅप ०, २०, ४०, ५०, ६०, थ्रॉटलच्या तीन पायऱ्या, प्रोपेलरच्या तीन जागा: एकूण ४५ वाचनं, प्रत्येक तीनदा. विंड टनेलशिवाय मिळणारी यापेक्षा चांगली माहिती मला माहीत नाही. मात्र ही स्थिर हवेतली चाचणी आहे, तिच्यातून थेट लिफ्ट कोएफिशंट निघत नाही. तो उड्डाणातूनच काढावा लागेल.

टेबलावर निकाल मिळाल्यावर पूर्ण विमान. पंखाची लांबी दीड मीटर, क्षेत्रफळ ०.३७५ चौरस मीटर, प्रत्येक बाजूला चार मोटर्स. डाव्या चार एका दिशेने, उजव्या चार उलट दिशेने फिरवा, म्हणजे प्रोपेलर घेताना निम्मे उलटे मागवा. आठही एकाच दिशेने फिरवले तर कमी वेगात विमान एका कुशीला झुकत राहतं आणि ते आवरायला एलेरॉन (पंखाच्या टोकाकडच्या, विमान कुशीला वळवणाऱ्या पट्ट्या) पुरत नाहीत. मोटर्स २२०४ किंवा २२०६ मापाच्या, प्रत्येकीची ओढ ३०० ग्रॅम पुरे. ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारे बोर्ड) २० अँपियरचे. ते बॅटरीजवळ ठेवा आणि मोटरकडच्या तीन तारा लांबवा. बॅटरीकडची तार २० सेंटिमीटरच्या वर गेली तर ४७० मायक्रोफॅरडचा लो-ईएसआर कपॅसिटर लावा, नाहीतर ईएससी एकेक करून जातील आणि तुम्ही कंपनीला दोष देत बसाल. ईएससीमध्ये बीईसी (कंट्रोलर आणि सर्व्होंना वीज देणारा भाग) असेल तर आठपैकी सात लाल तारा काढा. आठही ईएससीचं थ्रॉटल कॅलिब्रेशन एकाच बैठकीत करा. हे राहिलं की कमी थ्रॉटलला सहा फिरतात आणि दोन झोपलेल्या असतात.

वजनाचा हिशेब: मोटर्स २००, ईएससी १००, प्रोपेलर ३०, बॅटरी १८०, तारा १००, सर्व्हो ७०, इलेक्ट्रॉनिक्स ११०, सांगाडा ७५०, चाकं १२०, कार्बन ट्यूब १००. होतात १७६० ग्रॅम. गोंद, टेप आणि ऐनवेळच्या दुरुस्त्यांना १४० ठेवा. गोंद फार खातो. ग्लू गनने मनसोक्त जोडलेलं विमान दोनशे ग्रॅम जड होतं, आणि ते वजन बहुधा शेपटीकडे जातं.

शेपटी मोठी ठेवा. हा मुद्दा पुस्तकातल्या नेहमीच्या मॉडेलवरून उतरवला की चुकतो. फ्लॅप खाली गेला आणि जेट वळला की नाक जोरात खाली जातं, आणि शेपटीवर येणारी हवा वरून खाली कोसळत असते. पंखापासून ८० सेंटिमीटर मागे, ०.१० ते ०.११ चौरस मीटरची आडवी शेपटी लागेल, पंखाच्या जवळजवळ २८ टक्के. ती उभ्या शेपटीच्या टोकाला चढवा.

वेग मोजण्याच्या साधनात बहुतेक ग्रुप गंडतात. सेकंदाला ५ मीटर वेगाला पिटो नळीत (समोरच्या हवेच्या दाबावरून वेग मोजणाऱ्या नळीत) फक्त १५ पास्कलच्या आसपास दाब येतो. बाजारात सर्रास मिळणाऱ्या एमएस४५२५ सेन्सरची एक पीएसआयची आवृत्ती सुमारे ७००० पास्कलपर्यंत मोजते, आणि तिची चूकच १७ पास्कलच्या घरात जाऊ शकते. म्हणजे मोजायच्या दाबापेक्षा चूक मोठी! त्याऐवजी एसडीपी३१ किंवा एसडीपी३३ घ्या, तो कमी दाबासाठीच आहे. नळी पंखाच्या टोकाला, प्रोपेलरच्या हवेबाहेर लावा. तेही जमलं नाही तर वारा पडलेला असताना एकाच रेषेत येण्या-जाण्याचा जीपीएस वेग घेऊन सरासरी काढा.

उड्डाणाची चाचणी साधी आहे. ३० मीटर उंचीवर थ्रॉटल स्थिर ठेवून वेग हळूहळू कमी करत जायचं, विमान कधी पडू लागतं ते पाहायचं. फ्लॅप ४० आणि थ्रॉटल शून्य, मग फ्लॅप तोच आणि थ्रॉटल ६० टक्के. आकडे सेकंदाला साधारण ७.३ मीटरवरून ४.६ मीटरपर्यंत आले तर लिफ्ट कोएफिशंट १.६ वरून ४ झाला. यात मोटर्सच्या ओढीचा वर जाणारा भागही मिसळलेला आहे, हे तळटीपेत प्रामाणिकपणे लिहा. तो वेगळा काढता आला तर उत्तम, नाही आला तरी चालेल. लपवला तर मात्र व्हायवात सापडेल.

उतरताना विमान आपटण्याची शक्यता सगळ्यात जास्त, आणि त्याचं कारण पायलटची सवय आहे. साध्या विमानात जमीन जवळ आली की थ्रॉटल बंद करतात. इथे थ्रॉटल बंद केला की लिफ्टच जाते आणि विमान दोन मीटरवरून दगडासारखं खाली येतं. चाकं टेकेपर्यंत थ्रॉटल ५० टक्क्यांच्या आसपास धरून ठेवायचा आणि फ्लॅप ५० अंशांवर, म्हणजे तीच शक्ती पुढे ढकलण्याऐवजी वर उचलते. तुमच्यापैकी जो उडवणार आहे त्याने हे आधी सिम्युलेटरवर पन्नास वेळा करावं.

वाऱ्याचंही तसंच. सेकंदाला ५.३ मीटर वेगाने उतरणाऱ्या विमानाला मागून अडीच मीटरची झुळूक आली तर लिफ्ट निम्म्याच्या खूप खाली जाते. ठाणे-नवी मुंबईत दुपारी खाडीवरून वारा सुटतोच. डिसेंबर-जानेवारीत सकाळी साडेआठच्या आत उडवा, वारा दीड मीटरच्या वर असेल तर चहा पिऊन परत या. पावसाळ्याचे महिने टेबलावरच्या कामाला उत्तम. शैक्षणिक वर्षही त्याच क्रमाने जातं, तेवढं एक बरं आहे.

कुठे उडवायचं हे घरातून बाहेर पडण्याआधी ठरवा. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ५ किलोमीटर लाल (उड्डाणबंदीचा), ८ किलोमीटरपर्यंत पिवळा (परवानगी लागणारा), आणि ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांच्या वर पिवळा पट्टा. उलव्याचा नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्यापासून पनवेल, खारघर, उलवे या भागातली पूर्वीची ‘आमची नेहमीची जागा’ आता चालेलच असं नाही. मुंबईचा विमानतळ आणि वायुसेनेची ठिकाणं वेगळीच. त्या सकाळचा डिजिटल स्काय नकाशा (ड्रोनसाठीचा सरकारी ऑनलाइन नकाशा) पाहा, पोलीस आयुक्तालयाचा मनाई आदेश लागू आहे का ते पाहा. शैक्षणिक संस्थांना संशोधनासाठी ग्रीन झोनमध्ये, स्वतःच्या आवारात किंवा ताब्यातल्या मोकळ्या जागेत सवलत आहे, म्हणून पत्रव्यवहार कॉलेजच्या लेटरहेडवर करा, स्वतःच्या नावाने नको. वजन २ किलोच्या आत ठेवायला सांगितलं त्याचं एक कारण हेही आहे: त्याखालचं विमान मायक्रो वर्गात बसतं आणि व्यावसायिक वापर नसेल तर पायलट परवाना लागत नाही.

खाडीकाठची पट्टी आणि अलिबाग सेवा प्रस्तावनेत एका परिच्छेदात ठेवा, पण ‘५० मीटर पुरतात’ असं लिहू नका. ५० मीटर ही चाकं उचलेपर्यंतची धाव आहे. त्यापुढे झाड, विजेची तार, इमारत ओलांडून जायला मोकळी वाट लागते, आणि एक टेकऑफ रद्द झालं तर थांबायला जागा लागते. शिवाय ठाणे खाडी हे फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा). मोठ्या थव्यांमधून सकाळ-संध्याकाळ कमी उंचीवर आठ प्रोपेलर नेण्याचा प्रस्ताव कोणी मान्य करणार नाही, करूही नये.

पैशांचं गणित बसतं. मोटर्स आणि ईएससी ११-१२ हजार, फ्लाइट कंट्रोलर, जीपीएस आणि वेगाचा सेन्सर मिळून साधारण तेवढेच, दोन बॅटऱ्या चारेक हजार, टेबलावरचा सगळा सरंजाम तीन हजार, फोम, बाल्सा आणि कार्बन ट्यूब पाच हजार. रिमोट उसना मिळवा. उरलेले चार ते सहा हजार पहिल्या आपटण्यासाठी राखून ठेवा, आणि त्यातले एक हजार फक्त प्रोपेलरवर जातील हे गृहीत धरा. लॅब सप्लाय विकत घेऊ नका, इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये असतो. लिपो बॅटरी घरी रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नका, हे आईला सांगण्यासाठी नाही, तुमच्यासाठीच लिहिते आहे.

राहिला क्वाडकॉप्टरवाला मित्र. त्याला ग्रुपबाहेर ढकलू नका. त्याला बहुधा आर्डुपायलट (फ्लाइट कंट्रोलरचं सॉफ्टवेअर), लॉग आणि ईएससी यातलं तुमच्या तिघांपेक्षा जास्त कळतं, आणि या प्रोजेक्टमध्ये नेमकं तेच काम कोणालाच नको असतं. आठ मोटर्सचं वायरिंग आणि डेटा त्याच्याकडे द्या. क्वाडकॉप्टर करायचं त्याचं म्हणणं घाबरून आलेलं आहे, विषय न आवडल्याने नव्हे, असं पत्रावरून वाटतं. दोन मोटर्सचा तुकडा काट्यावर उलटा बसवून पहिला आकडा त्यालाच वाचू दे.

गाईड सरांकडे नवं शीर्षक घेऊन जा: ‘वितरित इलेक्ट्रिक प्रोपेलरद्वारे ब्लोन फ्लॅपच्या लिफ्टचं मापन आणि त्यासाठी हायब्रीड शक्तिविभाजनाचा टेबलावरील अभ्यास’. हायब्रीड शब्द आहे, म्हणजे सर हो म्हणतील. सोबत ४५ वाचनांचा कोरा तक्ता न्या. वडिलांनाही तोच दाखव. त्यातल्या पहिल्या रकान्याला लागणारं सामान म्हणजे दोन मोटर्स, दोन ईएससी, एक बॅटरी, फोमचा एक तुकडा आणि घरातला काटा. काटा परत करताना पुसून दे.